विमानात जर्मनचा चमचा

"ये क्या है, अंकल?"

बंगळूरच्या विमानतळावर वर्दीतल्या मुलीने माझ्या पिशवीतून पेचकस काढला आणि मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत वर धरला.

"पेचकस है. मशीन सुनने का," मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, हे तिलाही कळत होतं. पण त्याने मशीन ऐकतात हे ऐकल्यावर तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी आधी पेचकसाची लांबी बघितली, मग माझी दाढी बघितली आणि म्हणाले, "चेक-इन में डालना था." विमानाच्या पोटात जी मोठी बॅग जाते तिला चेक-इन म्हणतात. मला ते ठाऊक नव्हतं. विमानात बसायची माझी पहिलीच वेळ आणि माझ्याकडे एकच पिशवी. मागे रांग खोळंबली होती. सागवानी मुठीचा, हातभर लांब, बत्तीस वर्षं वापरलेला तो पेचकस त्यांनी एका टबात टाकला. टबात लायटर होते, कात्र्या होत्या, कोणाचा तरी सुपारीचा अडकित्ता होता.

मी हमीद मिस्त्री. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. शेतकऱ्याचा कापूस आमच्याकडे येतो, त्यातली सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे करायची, हे जिनिंगचं काम. जे मशीन हे करतं त्याला जिन म्हणतात. आमच्या शेडमध्ये अशा बारा जिन एका ओळीत आहेत. सगळ्या चालू झाल्या की शेजारचा माणूस शिव्या देतो की सलाम करतो ते कळत नाही. त्या गोंगाटात कोणत्या जिनचं बेअरिंग जाणार आहे, हे ते जाण्याआधी सांगायचं, हे माझं काम होतं. पद्धत साधी आहे. एरवी कानात रुईचे बोळे. ऐकायच्या वेळी बोळा काढायचा, पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडायला आलेलं मधेच दात खातं.

निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको जुबेदा गेली. मुलगी रुखसाना मला बंगळूरला घेऊन आली. नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. ती आणि जावई सकाळी जातात, दिवे लागल्यावर येतात. दोघंही माझी फार काळजी घेतात. पण दिवसभर मी आणि फ्रिज. त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उत्तम आहे, अजून दहा वर्षं त्याला काही होत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यानंतर मला काही काम उरलं नाही.

अशात शेठचा फोन आला.

"हमीदभाई, जिनच्या ओळीत ठोका येऊन राह्यला. हंगाम सुरू होऊन चार दिवस झाले. कंपनीच्या इंजिनिअर मॅडम आल्या, मीटर लावलं. सात नंबरचा गिअरबॉक्स म्हणाल्या. खोलला, त्यात काहीच नाही. आता म्हणतात पूर्ण ओळ बंद करा, आमची टीम येऊन सगळं खोलते. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. तुम्ही येता का?"

"रेल्वेने परवा पोहोचतो, शेठ."

"परवा कायले? विमानाने या. तिकीट पाठवतो. एकदा ऐकून घ्या. तुम्हाले नाही समजलं तर मग कंपनी म्हणते तसंच करतो."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. मला ते सहज वाटलं नाही. या वेळी नाही समजलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, मग नववा मजला आणि फ्रिज. मला सर्दी झाली होती. तरी मी हो म्हणालो.

पेचकस गेल्यावर मी आत जाऊन बसलो आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. मी आयुष्यभर आवाजात राहिलेला माणूस. आवाजाची मला भीती वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण शेडमधला प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा होता. इथला एकही नव्हता. सामानाच्या पट्ट्याचा एक रोलर कोरडा चालत होता. ढकलगाडीचं एक चाक वाकडं होतं. वर कुठेतरी पंख्याची पाती जाळीला घासत होती. तीन भाषांत सूचना चालू होत्या आणि मधूनमधून टिंग टिंग. वरून डोळ्यांत घुसणारे पांढरे दिवे, अत्तरांच्या दुकानातला वास, त्यात कॉफीचा वास. माझं डोकं प्रत्येक आवाज उचलायचं आणि विचारायचं, हा बिघाड कुठला? एकाचं उत्तर मिळेपर्यंत दहा नवे यायचे. इतरांना काहीच होत नव्हतं. ते मोबाइल बघत होते.

विमानात मधली सीट मिळाली. दार लागल्यावर पायाखालून करवतीसारखा आवाज सुरू झाला. खर्र खर्र, थांबायचा, पुन्हा खर्र. मी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं.

"बेटी, नीचे कुछ घिस रहा है."

"नॉर्मल है, सर."

"नॉर्मल ऐसा नहीं बोलता, बेटी."

ती हसली, माझा पट्टा तपासला आणि निघून गेली. डावीकडच्याने माझ्याकडे बघून मान वळवली. उजवीकडच्या बाईंनी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. विमान पळायला लागलं तेव्हा सगळे आवाज एकदम अंगावर आले. मानेवर थंड हवा, पाठीला घाम. उठून पळावं असं वाटलं, पण पळणार कुठे? शंभर-दीडशे माणसं होती आणि मला काय होतंय हे सांगावं असं त्यात एकही नव्हतं. जुबेदा असती तर तिला काहीच ऐकू आलं नसतं. तिने नुसता माझा हात धरला असता. तेवढ्याने झालं असतं.

मग मला माझे उस्ताद आठवले. पहिल्या दिवशी शेडमध्ये मी कान झाकून उभा राहिलो तेव्हा ते ओरडून म्हणाले होते, "सगळे आवाज कायले ऐकतो बे? एक धर. बाकीचे आपोआप दूर जातात." मी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर तळवा घट्ट ठेवला. लोखंड थरथरत होतं. त्या थरथरीत एक मोठी, एकसारखी गुणगुण होती. इंजिन. ते चांगलं होतं. मी तेवढंच धरून ठेवलं. बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण बसून राहता आलं.

विमान नागपूरला उतरताना दोन्ही कानांत खिळे ठोकल्यासारखं दुखलं. उजवीकडच्या बाई काहीतरी सांगत होत्या, घशाला हात लावून दाखवत होत्या. आवंढा गिळा, असं सांगत असाव्यात. तोवर मला ऐकू येणं बंद झालं होतं.

शेठची गाडी न्यायला आली होती. नागपूर ते दारव्हा पूर्ण रस्ता मी जांभया दिल्या, नाक दाबून फुंकलं, यवतमाळला थांबून गरम चहा घेतला. कान उघडले नाहीत. सगळं जग रजईखालून बोलत होतं. ज्या कानांसाठी विमानाचं तिकीट काढलं होतं, ते कान विमानानेच नेले. पेचकसासारखेच.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. शेठ दारातच भेटले. इंजिनिअर मॅडम तिशीच्या, बोलायला चांगल्या. त्यांचं मीटर म्हणजे एक छोटं यंत्र. मशीनला चिकटवलं की किती थरथर आहे ते आकड्यात सांगतं. त्यांनी माझ्या कानाजवळ येऊन काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली. तेव्हा फोरमन देविदास राठोडने मला बाजूला घेतलं. आम्ही वीस वर्षं एका शेडमध्ये काढली आहेत. गोंगाटात ओठ बघून बोलायची आमची सवय होती.

"मिस्त्री, तुमचे कान बसले का?"

"बसले."

"दोन्ही?"

"दोन्ही. शेठले सांगू नको."

"मी कायले सांगतो? पण आता कसं करता?"

कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. ओळ चालू केली. पायाला जमीन थरथरताना कळत होती, पण ठोका कुठून येतो काही कळेना. मी ओळीतून चालत गेलो. सात नंबरपाशी शेठ आणि मॅडम माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं की सातव्याचं बेअरिंगच म्हणून टाकावं. मीटरनेही सातवाच दाखवला होता. मॅडम खूश, शेठ गप्प, माझी इज्जत शाबूत. खोटं पकडायला कोणाकडे उस्तादांचा कान नव्हता. तोंडापर्यंत आलेला शब्द गिळून मी देविदासला म्हणालो, पेचकस दे.

त्याने दिला तो वीतभर, रबरी मुठीचा. रबर आवाज खाऊन टाकतं. मग त्याने भंगारातून करंगळीएवढ्या जाडीची सळई आणली. तिला मूठ नाही. कानाला लावली तर टोचली, ऐकू काही आलं नाही. सळई हातात धरून मी उभा होतो आणि मला जुबेदाचा चमचा आठवला.

जुबेदाचे कान लहानपणापासून वाहायचे. पडदे फाटलेले. लग्न होऊन आली तेव्हाच कमी ऐकू यायचं, पुढे अजून कमी झालं. पण तिला गाण्यांचा नाद. ती एक युक्ती करायची. जर्मनचा चमचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात, त्याचा दांडा दातांत धरायची आणि पुढचं टोक रेडिओच्या पेटीला टेकवायची. "मेरेको हड्डी से आता," म्हणायची. रेडिओपुढे वाकून, चमचा चावत, डोळे मिटून बसायची. एकदा माझे उस्ताद आणि आणखी दोघं जण जेवायला आले होते, तेव्हा ती तशी बसलेली होती. ते हसले. मलाही हसू आलं आणि मग राग आला. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, लोकांसमोर हा तमाशा करत जाऊ नको. तिने चमचा धुऊन फळीवर ठेवला. त्यानंतर मी तिला तशी बसलेली कधी बघितली नाही. मी कामावर गेल्यावर ती ऐकत असेल. मी कधी विचारलं नाही.

मी खांद्यावरचा रुमाल सळईच्या टोकाला गुंडाळला, ते टोक दातांत धरलं आणि दुसरं टोक सात नंबरच्या बेअरिंगवर टेकवलं.

आवाज थेट कवटीत आला. स्वच्छ. बाहेरचा गोंगाट कानांनीच बाहेर ठेवला होता, त्यामुळे उरलं ते फक्त बेअरिंग. बत्तीस वर्षांत इतकं साफ मी कधी ऐकलं नव्हतं. सातव्याचं बेअरिंग चांगलं होतं. गिअरबॉक्सही चांगला. ठोका होता, पण लांबचा, पाहुणा आल्यासारखा. मी जिनच्या पायावर सळई टेकवली. ठोका मोठा झाला. खाली लोखंडी चौकटीवर टेकवली. आणखी मोठा. शेवटी मी गुडघ्यांवर बसलो आणि ओळीखालच्या पन्हाळीला सळई लावली, तेव्हा दात झिणझिणले.

त्या पन्हाळीत एक लांब मळसूत्र फिरतं, आम्ही त्याला स्क्रू म्हणतो. जिनमधून पडलेली सरकी ते पुढे ढकलत नेतं. त्याला मध्येमध्ये लटकणारी बेअरिंग असतात. सहा आणि सातच्या मधलं बेअरिंग झिजलं होतं. बाराही जिन चालू झाल्या की पन्हाळ सरकीने भरते, वजनाने मळसूत्र खाली झुकतं आणि पन्हाळीला घासतं. तो ठोका चौकटीतून वर चढून सातव्यात बोलत होता. एकेक जिन वेगळी चालवली की सरकी कमी, मग ठोकाही नाही. म्हणून चार दिवस कोणाच्या हाती लागला नाही.

"शेठ, जिन सगळ्या चांगल्या आहेत. खालचा स्क्रू खोला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग मीटर घेऊन स्वतः खाली वाकल्या. पन्हाळीला ते लावलं. आकडा बघून त्या उठल्या आणि मोठ्याने, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "चाचा, मी वरच शोधत बसले होते."

"माझे कान चांगले असते तर मीबी वरच शोधलं असतं," मी म्हणालो. ते खरं होतं. कानांना आवाज सातव्यातूनच आला असता.

झिजलेलं बेअरिंग काढून देविदासने माझ्या हातात ठेवलं. त्याचा एका बाजूचा धातू नखासारखा पातळ झाला होता. नवीन बसवून संध्याकाळच्या आत ओळ चालू झाली. फाटकाबाहेरच्या गाड्या आत यायला लागल्या. शेठ म्हणाले, हंगाम संपेपर्यंत थांबा. मी थांबतो म्हणालो.

माझ्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती. दार उघडलं. आठ महिन्यांची धूळ. झाडलं, पाणी भरलं, चूल नाही पेटवली, देविदासच्या घरून भाकरी आणि तुरीचं वरण आलं होतं. जेवायला ताट काढताना चमचा सापडला. भांड्यांच्या फळीवर, सगळ्यात मागे. दांड्यावर दातांचे खड्डे होते. मी मोजले नाहीत, पण खूप होते. खालच्या बाजूचे जुने, गुळगुळीत झालेले. वरच्या बाजूचे नवीन. म्हणजे ती शेवटपर्यंत ऐकत होती. माझ्यापासून लपून, इतकी वर्षं, स्वतःच्या घरात.

रेडिओ लावला. कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. चमचा दातांत धरून पेटीला टेकवला. कोणीतरी बाई गात होती. गाणं ओळखीचं नव्हतं. मी ते संपेपर्यंत ऐकलं आणि मग बसल्या जागी रडलो. सांगायला लाज नाही.

डॉक्टरांनी सर्दीचं औषध आणि नाकात थेंब दिले. म्हणाले, सर्दी असताना विमानात बसू नये. बसलाच तर उतरताना सारखं काहीतरी गिळत राहावं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना कानांत टक् असं झालं आणि नळाचं पाणी ऐकू आलं. नळ बंद केला. तोवर मला वाटत होतं की घर माझ्या कानांमुळे इतकं शांत आहे. तसं नव्हतं. कान पूर्ण उघडे होते आणि घर तसंच होतं.

हंगाम संपला तेव्हा रुखसानाचा फोन आला. "अब्बा, रेल्वेचं काढू का? विमानात तुम्हाला त्रास होतो."

"विमानाचंच काढ. खिडकीजवळची जागा बघ."

या वेळी मी शेडमधून मूठभर रुई खिशात घातली होती. सळई मोठ्या बॅगेत टाकली, चेक-इनमध्ये. नागपूरच्या तपासणीत वर्दीतल्या पोराने माझी पिशवी उघडली. चमचा हातात घेतला, दांड्यावरचे खड्डे बघितले आणि परत ठेवला.

विमानाचं दार लागलं. पायाखाली पुन्हा ती करवत सुरू झाली. दिवे, टिंग टिंग, मागच्या सीटवर मोबाइलचं गाणं, खाण्याचे वास. मी दोन्ही कानांत रुईचे बोळे घातले. डोळे मिटले. मग पिशवीतून चमचा काढला, दांडा दातांत धरला आणि टोक खिडकीच्या कडेला टेकवलं. माझे दात तिच्या दातांच्या खड्ड्यांत बसले. करवत दूर गेली, माणसं दूर गेली. फक्त इंजिन आलं, एकसारखं, चांगल्या बेअरिंगचं.

थोड्या वेळाने कोणीतरी खांद्याला हात लावला. डोळे उघडले. हवाई सुंदरी वाकून काहीतरी विचारत होती. शेजारचा मुलगा मोबाइल वर धरून माझ्याकडे बघत होता, पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली होती. ते हसत होते. मी एका कानातला बोळा काढला.

"सर, आर यू ओके?"

"ऐकून राह्यलो, बेटी," मी म्हणालो, बोळा परत घातला आणि सगळ्यांसमोर चमचा पुन्हा दातांत धरला.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. पेचकस चेक-इनमध्ये टाका. चमचा जवळ ठेवा, त्याला कोणी अडवत नाही. एकदा मी अडवला होता.